पक्षी किती, यापेक्षा पक्षी कोणते? वन, आवार, माळरान आणि बांध : एक तुलना

कृषि महाविद्यालयाच्या आवारात सकाळी फेरफटका मारल्यास साळुंकी, बुलबुल, दयाळ, तांबट, पोपट, कोतवाल असे अनेक पक्षी सहज दिसतात. तेवढ्याच वेळात सागाच्या जंगलात पुष्कळदा त्याहून कमी पक्षी नजरेस पडतात. यावरून ‘आवारातच पक्षी जास्त, मग जंगल राहिले काय आणि तुटले काय’ असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. का, ते पाहू.

अधिवासानुसार पक्षी

पक्ष्याला अन्न, निवारा आणि घरट्याची जागा जेथे मिळते तो त्याचा अधिवास होय. आवारात इमारती, बाग, फळझाडे, पिके व पाणी जवळजवळ असतात. त्यामुळे जाती पुष्कळ दिसतात, परंतु त्यातील बहुतेक माणसाच्या सहवासाला सरावलेल्या असतात.

जंगलात प्रत्येक थराचा पक्षी वेगळा. सुतार खोडातील किडी टिपतो, स्वर्गीय नर्तक उडते कीटक पकडतो, तर रानकोंबडा पालापाचोळा उकरतो. दाट पानोळ्यामुळे ते दिसतात कमी, ऐकू येतात जास्त. चंडोल, धाविक, माळढोक यांना मात्र मोकळे माळरानच हवे. तेथे दाट झाडे लावल्यास हे पक्षी निघून जातात.

रानपिंगळ्याचे उदाहरण बोलके आहे. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीलायक नोंद नव्हती. ११३ वर्षांनी, १९९७ साली, तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. पुढे मेळघाटच्या सागवनातही आढळला. आवारात दिसतो तो साधा ठिपकेदार पिंगळा. यादीत दोघांचीही नोंद ‘एक जात’ अशीच होते, पण रानपिंगळा गेला तर त्याची जागा साधा पिंगळा भरून काढू शकत नाही.

तुलना कशी करावी?

१) सर्व ठिकाणी सूर्योदयानंतरच्या दोन तासांतच नोंद घ्यावी.
२) प्रत्येक अधिवासात सारख्याच, उदाहरणार्थ पाच, जागा निवडाव्यात. दोन जागांत २०० मीटर अंतर ठेवावे.
३) प्रत्येक जागी १० मिनिटे स्तब्ध उभे राहून ५० मीटरच्या आतील पक्षी लिहावेत. दिसलेले व केवळ ऐकलेले अशी वेगळी खूण करावी.
४) पावसाळा, हिवाळा व उन्हाळा असे तिन्ही हंगाम पहावेत. भोरड्या, धोबी यांसारखे पाहुणे हिवाळ्यातच भेटतात.

नंतर दोन्ही ठिकाणी समान असलेल्या जातींची दुप्पट करून तिला दोन्ही याद्यांच्या बेरजेने भागावे. समजा, आवारात ३० व जंगलात ३० जाती आढळल्या आणि त्यातील १२ समान आहेत. २४ भागिले ६० म्हणजे ०.४. उत्तर १ च्या जवळ असल्यास पक्षी बहुतांशी तेच, शून्याच्या जवळ असल्यास वेगळे. येथे आकडा ३० हाच असला तरी जंगलातील १८ जाती आवारात नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या शेतात काय करावे?

कोतवाल, वेडा राघू, साळुंकी, गायबगळा हे कीटक टिपतात. गव्हाणी घुबड व पिंगळा उंदरांचा बंदोबस्त करतात. हरभऱ्यातील घाटेअळीसाठी पिकापेक्षा उंच पक्षी थांबे उभारावेत. ज्वारीसारख्या पिकात दाणे भरू लागताच थांबे काढून घ्यावेत.

बांधावरचे जुने, ढोली असलेले झाड ‘वाळले, निकामी झाले’ म्हणून तोडू नये. पिंगळा, साळुंकी, नीलकंठ अशा ढोलीतच घरटे करतात. नवीन रोप आज लावले तरी त्यात ढोली तयार होण्यास कित्येक वर्षे जातात. वड, उंबर राखल्यास त्यांच्या फळांवर आपला राज्यपक्षी हरियाल येतो.

मात्र बांध कितीही हिरवा केला तरी तो जंगलाला किंवा माळरानाला पर्याय नव्हे. गावाशेजारचे वन व गवताळ माळ शेताच्या बरोबरीनेच राखले पाहिजेत.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात मुलांना बरोबर घेऊन आपला बांध व जवळचे जंगल किंवा माळ यांची एकेक यादी करावी. दरवर्षी त्याच जागी नोंद केल्यास कोणता पक्षी येईनासा झाला, हे वेळीच लक्षात येईल.