शालीन पोशाख म्हणजे काय? मुलीशी बोलताना

शास्त्रवाचन: १ तीमथ्य २:९-१०, याकोब २:१-९



पनवेलमधल्या आपल्या अनेक घरांत रविवारी सकाळी एक वाद ठरलेला असतो. उपासनेला निघताना आई म्हणते, "हे घालून चर्चला येणार?" आणि मुलगी तोंड पाडून कपडे बदलते. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिने मला सरळच विचारले, "आई, नेमके कुठे लिहिले आहे?" प्रश्न रास्त होता. आम्ही दोघी बायबल उघडून बसलो.

पौलाने शालीनतेविषयी लिहिताना काही वस्तूंची नावे घेतली आहेत: केसांच्या खास रचना, सोने, मोती, किमती वस्त्रे. यातली एकही वस्तू गरिबाच्या घरात सापडत नाही. त्याऐवजी तो सत्कर्मांचे भूषण सुचवतो. म्हणजे उघड्या अंगाइतकाच, किंबहुना अधिक, हा बोध श्रीमंतीच्या प्रदर्शनाला लागू पडतो. मुलगी लगेच म्हणाली, "मग माझी जीन्स चालत नाही आणि नाताळची भरजरी साडी कशी चालते?"

याचे उत्तर याकोबाच्या पत्रात आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा, हा भेद तो पाप ठरवतो. आपल्या तालुक्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तिथली एखादी बहीण असलेली एकच साडी धुऊन उपासनेला येते आणि कोणी न सांगता मागच्या कोपऱ्यात बसते. तिला मागे कोणी बसवले? आपल्या कपड्यांनीच. वाडीवर भातलावणीच्या वेळी बायका लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरतात. त्यांना अशालीन म्हणण्याचे धाडस आपण करणार का?

"लोक बघतात," असे आपण मुलींना सांगतो. पण मत्तय ५:२८ मध्ये प्रभू येशूने वाईट नजरेचा दोष बघणाऱ्यावर ठेवला आहे. हे मुलींना स्पष्ट सांगावे, आणि मुलग्यांनाही. मग स्थळकाळाचे भान ठेवण्याविषयी बोलावे. ते भीतीपोटी नसावे, समोरच्या माणसाच्या आदरापोटी असावे.

इथे पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. धर्म बदलला तरी त्यांनी भारतीय पोशाख सोडला नाही. तिथल्या भगिनींसारखा लॅटिन अक्षरांचा क्रूस घालण्यास त्यांनी हरकत घेतली. लॅटिन आपल्या लोकांना कळत नाही, अक्षरे संस्कृत असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या मुलींमध्ये, त्या साध्या पांढऱ्या साडीत वावरल्या. मनोरमाबाईंनीही मोठेपणी आईच्या कामाचा भार उचलला. आपल्या अंगावरचे वस्त्र आपल्या माणसांना काय सांगते, हा प्रश्न रमाबाईंना महत्त्वाचा वाटला होता.

म्हणून घरात मुलीसाठी मोजपट्टी काढण्याआधी दोघींनी एकच प्रश्न विचारावा: हे घातल्यावर माझ्या शेजारी बसायला कोणाला संकोच वाटेल का? हा प्रश्न जीन्सला लागू आहे, तसाच शालूलाही. माझ्या मुलीला तो पटला. जीन्सचा प्रश्न मात्र आमच्या घरात अजून पुरता मिटलेला नाही, आणि त्यावर आम्ही बोलत आहोत.

कुटुंबात चर्चेसाठी:
१. मुलींच्या कपड्यांवर आपण जितके बोलतो, तितके मुलग्यांच्या नजरेवर बोलतो का?
२. आपल्या उपासनेत वाडीवरची बहीण कुठे बसते?
३. या नाताळात नव्या कपड्यांच्या खर्चातला कोणता भाग आपण तिच्यासाठी बाजूला काढू?