बलोपासनेत विश्रांतीचे स्थान

शक्तिसंवर्धन म्हणजे अधिकाधिक श्रम, असा समज आपल्या तरुणवर्गात दृढ झालेला दिसतो. शंभर बैठकांनी लाभ होतो, तर पाचशेंनी पाचपट होईल, हे गणित हिशेबाच्या वहीत खरे ठरेल. देहात ते खरे ठरत नाही.

कराडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या स्पर्धेचा एक प्रसंग मात्र थोड्यांस ठाऊक असतो. एका लांबलेल्या लढतीनंतर त्यांस लगेच सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेयोव यांच्यासमोर उभे केले गेले. दोन लढतींत अर्ध्या तासाची विसावणी नियमाने मिळावयाची होती. परंतु तक्रार मांडण्यास आपला एकही अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा ती लढत हरले. अर्ध्या तासाने निकाल पालटला असता की नाही, हे कोण सांगणार? पण विसावा हा मल्लाचा हक्क आहे, आळस नव्हे, एवढे त्यातून दिसते.

आपल्या पूर्वाचार्यांस हे अवगत होते. वाग्भटाने अष्टांगहृदयात बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, तोही थंडीत व वसंतात, इतर ऋतूंत मंदच, असे सांगितले आहे. अतिव्यायाम व जागरण करणाऱ्यास तो हत्तीला ओढणाऱ्या सिंहाची उपमा देतो. सिंह बलाढ्य खरा, पण त्या ओढण्यातच त्याचा नाश होतो.

आजचे शरीरशास्त्रही याच दिशेने बोलते. श्रमाने स्नायू वाढत नाही. श्रमाने वाढण्याची निकड उत्पन्न होते. जड व्यायामानंतर स्नायूतील प्रथिनांची नवी जुळणी एक ते दोन दिवस अधिक वेगाने चालते, आणि तिला अन्न व झोप लागते. म्हणून आज जोर काढले तर उद्या बैठका, असा पालट ठेवणे शहाणपणाचे. वजन उचलणाऱ्याने दोन जड पाळ्यांत दोन-तीन मिनिटे थांबावे. जुन्या तालमींतील मालिश, खुराक आणि दुपारची झोप या चैनीच्या गोष्टी नव्हत्या; त्या मेहनतीचाच भाग होत्या.

आपल्या जैनथ भागातील तरुणांस एक गोष्ट विशेषेकरून सांगावीशी वाटते. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत जो दिवसभर वाकून कापूस वेचतो व सायंकाळी गाठोडी वाहतो, त्याचा व्यायाम बव्हंशी शेतातच झालेला असतो. देह शेतातले श्रम आणि तालमीतले श्रम असे दोन खाती मांडीत नाही. अशा दिवसांत बैठका निम्म्यावर आणाव्यात. यात्रेत रात्र जागून काढली असेल, तर दुसऱ्या पहाटे व्यायाम सोडावा. एकादशीच्या निराहारात फिरणे पुरे.

अति झाले हे ओळखावे कसे? सकाळी उठताच नाडी मोजण्याची सवय ठेवावी. ती नेहमीपेक्षा सलग काही दिवस जलद लागली, झोप मोडू लागली, कालचे वजन आज जड वाटले, तर दोन दिवस थांबावे. थांबल्याने कमावलेले बळ दोन दिवसांत जात नाही.

मात्र एका लक्षणाकडे पालकांनी दुर्लक्ष करू नये. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर ईर्ष्येने एकदम शेकडो बैठका काढल्यास स्नायू फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात व मूत्रपिंडावर भार पडतो. मांड्या सुजून ताठरतात आणि लघवी चहासारखी काळपट तपकिरी होते. अशा मुलाच्या मांड्यांस तेल चोळीत घरी बसू नये. त्याच दिवशी त्यास आदिलाबादला रुग्णालयात न्यावे आणि किती बैठका काढल्या, हे वैद्यांस न लपविता सांगावे.