घाट, गिअर आणि गणित : दरेकसाचा धडा

आपल्या होस्टेलच्या जिन्याखाली किती सायकली धूळ खात पडल्या आहेत, कधी मोजल्यात का? आम्ही त्यातल्या चार बाहेर काढल्या. कारण सबमिशनच्या गडबडीतच आमच्या रूममध्ये एक प्लॅन शिजला होता : सुट्टीत सायकलने मनाली ते लेह! नकाशा भिंतीवर लागला, घरी काय सांगायचे त्याची भाषणेही तयार झाली. वॉर्डन सरांच्या कानावर गेले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाबांनो, हिमालय कुठे पळून जात नाही. आधी दरेकसा करून या, मग बोलू."

दरेकसा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्याचे, छत्तीसगडच्या सीमेला टेकलेले गाव. मुंबई-हावडा मार्गावर सालेकसा आणि डोंगरगढ यांच्यामध्ये हे स्टेशन लागते. इथे मैदान संपते आणि डोंगर सुरू होतात. रेल्वेलाही बोगदा काढावा लागला. जवळच हाजरा फॉल आहे आणि कचारगडच्या गुहा आहेत. तिथे माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. जत्रेचे दिवस सोडले तर जंगलातल्या रस्त्यांवर वाहन क्वचितच दिसते. हॉर्न नाही, धूर नाही, बांबूच्या पानांचा आवाज तेवढा येतो. सायकलवाल्याला आणखी काय पाहिजे? आम्हालाही तेच वाटले होते.

झाले काय?

पहिल्याच मोठ्या चढावर दोघांची छाती भरून आली. त्यांच्या सायकली साध्या, बिनगिअरच्या. उतारावर माझे मागचे ब्रेक रबर झिजलेले निघाले आणि वळणावर मी सरळ गवतात गेलो. गुडघ्यावर निभावले. (रबर निघण्यापूर्वी बघायचे असते, हे मला निघाल्यानंतर कळले.) शेवटी काटा घुसून एका गिअरवालीचे चाक बसले. पंप होता, पण तो देशी सायकलच्या व्हॉल्व्हचा. गिअरवालीचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा. बसेल कसा? मग सायकल ढकलत निघालो. त्या दीड तासात एकही वाहन आले नाही. सकाळी ज्या गोष्टीसाठी आम्ही खूष होतो, त्याच गोष्टीने दुपारी घाम फोडला.

वाटेत एक म्हातारे काका भेटले. जुनी काळी सायकल, मागे सरपणाची मोळी. चढ आला की ते शांतपणे उतरत आणि चालू लागत. आमच्याकडे बघून म्हणाले, "बाबू, चढावर कायले जीव काढता? उतरा अन् पायी चाला." माथ्यावर ते आमच्याआधी पोचले.

होस्टेलवर आल्यावर वही-पेन घेऊन बसलो. जे तिथे कळले नाही, ते इथे गणिताने कळले.

चढाचे गणित

समजा सायकलस्वार ६५ किलो, सायकल १६ किलो, सामान १४ किलो. एकूण ९५ किलो. पाच टक्के चढ म्हणजे १०० मीटर रस्त्याला ५ मीटर उंची. या चढावर ताशी ८ किमी वेगाने जायला सुमारे १०३ वॅट लागतात. टायरचे घर्षण धरून १२० वॅट. साधारण तब्येतीचा विद्यार्थी तासभर १०० ते १५० वॅट देऊ शकतो, म्हणजे हे जमते. पण चढ दहा टक्के झाला आणि वेग तोच ठेवला तर २२० वॅटच्या वर लागतात. ते पाच-दहा मिनिटे जमेल, मग माणूस बसेल. वेग ४ किमीवर आणला तर मागणी पुन्हा ११० वॅटवर येते. आणि ताशी ४ किमी म्हणजे काय? चालण्याचा वेग! काकांनी हे सूत्र न मांडता सोडवले होते.

आता गिअर. साध्या सायकलला पुढे ४४ दात, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर जाते. ताशी ८ किमीला मिनिटात जेमतेम २५ फेरे होतात आणि पाच टक्के चढावर पायडलवर सरासरी २७ किलोचा दाब द्यावा लागतो. गिअरवालीला पुढे २८, मागे २८ लावले तर एका फेऱ्यात २ मीटर, मिनिटाला ६५ फेरे आणि दाब १० किलोच्या आसपास. पॉवर तेवढीच लागते, पण गुडघ्यावरचा भार निम्म्याहून कमी होतो. गिअर ताकद वाढवत नाही, ताकदीचे हप्ते पाडून देतो.

उताराचे गणित

चढताना कमावलेली ऊर्जा उतरताना कुठेतरी जाणारच. ९५ किलो वजन १०० मीटर खाली आले की ९३ किलोज्यूल मोकळे होतात. अगदी हळू, सतत ब्रेक दाबून उतरलात तर ती जवळजवळ सगळी रिममध्ये जाते. दोन्ही रिम मिळून एक किलो ॲल्युमिनियम धरले आणि वाऱ्याने काहीच थंड झाले नाही असे मानले, तर तापमान सुमारे १०० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा बरेच वाचवतो. पण मोठ्या घाटात मधे थांबून रिम निवू द्यावी. दोन्ही ब्रेक वापरावे आणि वळणाआधीच वेग कमी करावा, वळणात नव्हे. ओल्या रिमवर रबर आधी पाणी पुसते, मग पकडते.

थांबायला किती अंतर लागते? दहा टक्के उतारावर, चांगले ब्रेक असताना, ताशी ३६ किमीला विचार करण्याचा एक सेकंद धरून सुमारे २७ मीटर. ताशी १८ ला फक्त ९ मीटर. वेग निम्मा केला तर अंतर एक तृतीयांश होते. गुरे रस्त्यात बसलेली असतात, तेव्हा हे आठवावे.

रिकाम्या रस्त्याचे गणित

मोठ्या पर्वतांत सायकलवाल्यांना रिकामे रस्ते बऱ्याचदा बोगद्यांनी मिळवून दिले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये १९८० साली गॉटहार्डचा १६.९ किमीचा रस्ता-बोगदा सुरू झाला, आणि २,१०६ मीटरवरच्या खिंडीकडे जाणारी जुनी दगडी वळणांची वाट सायकलस्वारांची आवडती झाली. आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला. तेव्हापासून लेहकडे जाणारी वाहतूक ३,९७८ मीटरवरच्या रोहतांग खिंडीऐवजी बोगद्यातून जाते, वर मुख्यतः पर्यटक जातात.

पण रस्ता रिकामा म्हणजे मदतही रिकामी. लिफ्ट नाही, पंक्चरवाला नाही. त्यात उंचीवर हवेचा दाब कमी. लेहला (सुमारे ३,५०० मीटर) तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाएवढाच असतो, ५,३०० मीटरवर निम्म्याच्या आसपास. आमचे १२० वॅट तिथे १२० राहणार नाहीत. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा डॉक्टरांचा नियम आहे. डोकेदुखी, मळमळ असेल तर पुढे चढू नये. तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर ताबडतोब खाली उतरावे. दरेकसाला जिद्दीने खेचले तर पाय दुखतात, तिथे जीवावर बेतते.

निघण्यापूर्वी

१) ब्रेक रबर, केबल, चेन आदल्या दिवशी तपासा.
२) प्रत्येक सायकलच्या मापाची एक ट्यूब, सोल्युशन, पाने आणि बसणारा पंप घ्या. पंप रूममध्येच लावून बघा!
३) माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे.
४) सर्वांत हळू चालणारा पुढे ठेवा.
५) दरेकसा हे नाव आपण वर्षानुवर्षे नक्षलवाद्यांच्या 'दरेकसा दलम'च्या बातम्यांत वाचले आहे. तेव्हा सालेकसा पोलीस ठाण्यात आणि वनखात्याला नावे व परतीची वेळ सांगूनच जा. जंगलात अस्वले आहेत, अंधाराआधी बाहेर पडा.

त्या सुट्टीत आम्ही लेहला गेलो नाही. दरेकसालाच दुसऱ्यांदा गेलो. या वेळी चढावर चौघेही उतरून चाललो, कोणी कोणाला हसले नाही, आणि पंक्चर वीस मिनिटांत निघाले. सरांना सांगितले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या नकाशाची चौकशी केली. तो अजून तिथेच आहे. फक्त त्याच्या शेजारी आता वरची यादी चिकटवली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आधी आपला पंप घेऊन रूमवर यावे!