प्रश्न तुमचे: आधी कीबोर्ड मराठी करा

प्रश्न: आमचं घर उज्जैनला देवास गेटजवळ आहे. चार पिढ्या इथेच गेल्या. घरात मराठी बोलतो, पण शिक्षण सगळं हिंदीतून झालं. आता मोहल्ल्याविषयी, आजीच्या आठवणींविषयी मराठीत लिहावंसं वाटतं. मोबाइलवर लिहायला गेलं की शब्द आपोआप हिंदी होतात. टायपिंगच्या दुकानातून एक लेख टाइप करून संपादकांना पाठवला, तर त्यांना नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली. लेखकासाठी चांगली ॲप कोणती? आणि रोज काय करावं?
एक वाचक, देवास गेट, उज्जैन

उत्तर: तुमचा लेख बहुधा वाया गेलेला नाही. मध्य प्रदेशातल्या टायपिंगच्या दुकानांत अजूनही कृतिदेव फाँट सर्रास वापरतात. त्यात फाइलमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरं. फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. संपादकांच्या संगणकावर तो फाँट नसेल तर आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. दुकानदाराकडून लेख युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर देवनागरीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून घ्या. बदलून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. नंतर मात्र लेख डोळ्यांखालून घाला, कारण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं या बदलात हमखास बिघडतात.

मोबाइलवर जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये मराठी ही वेगळी भाषा जोडा. हिंदी काढायची गरज नाही, पण मराठी लिहिताना मराठीच निवडा. कीबोर्ड निवडलेल्या भाषेप्रमाणे शब्द सुचवतो, म्हणून तुमचा ‘कवी’ ‘कवि’ होतो आणि ‘कठीण’ ‘कठिन’. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे शुद्धलेखनाचे नियम एकदा नीट वाचा. 1972 मध्ये भर पडून ते 18 झाले. एका बैठकीत वाचून होतात, आणि हिंदीतून शिकलेल्या माणसाच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

संगणकावर इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड शिका. हिंदी आणि मराठीची कळरचना जवळजवळ एकच असल्यामुळे, नोकरीच्या परीक्षेसाठी हिंदी इनस्क्रिप्टचा सराव झाला असेल तर तो जसाच्या तसा कामी येईल. शिफ्ट आणि एन दाबलं की ळ, शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ. हा दुसरा ऱ लक्षात ठेवा. नेहमीचा र वापरलात तर ‘बसच्या पुकाऱ्यात’ लिहिताना ‘सूर्य’मधला रफार येऊन बसेल.

बोलून टाइप करण्याची सोय गूगलने 2017 मध्ये मराठीला दिली. स्वतःचा कच्चा मजकूर उतरवायला ती उत्तम आहे. आजीचं बोलणं मात्र असं उतरवू नका. यंत्र तिच्या बोलीतले शब्द ओळखीच्या शब्दांत ढकलून देतं. आधी ध्वनिमुद्रण करा, मग कानाने ऐकत हाताने उतरवा. वेळ लागेल, लागू द्या. शिंद्यांच्या काळात माळव्यात आलेल्या घरांनी जुने मराठी शब्द जपले आहेत. पुण्यात ते कुणी वापरत नाही म्हणून तुम्ही ते चुकीचे समजून खोडाल, अशी मला भीती वाटते. खोडण्याआधी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीत आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात शोधा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही कोश फुकट पाहता येतात. शब्द तिथे सापडला तर बिनधास्त ठेवा. ‘पाऊस येऊन राहिलाय’ हेही संवादात राहू द्या. माळव्यातलं माणूस तसंच बोलतं.

लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून पहिला खर्डा घेऊ नका. शुद्धलेखनाची शंका विचारायला हरकत नाही, पण उत्तर नियमांशी ताडून पाहा. देवास गेटचं वाक्य तुमच्या कानातून यायला हवं.

आता रोजच्या सवयीविषयी, पण त्याआधी तुमच्या शेजारचंच एक उदाहरण. माधव कॉलेजची जुनी इमारत तुमच्या देवास गेटलाच आहे. गजानन माधव मुक्तिबोध त्या कॉलेजात शिकले, प्रभाकर माचवे तिथे शिकवत. दोघेही मराठी घरातले, आणि 1943 च्या ‘तार सप्तक’ या हिंदी संग्रहात दोघांच्या कविता आहेत. मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. एकाच घरात एक भाऊ हिंदीचा कवी झाला, दुसरा मराठीचा. तेव्हा हिंदीतून शिकलो म्हणून मराठीत कमी पडू, हा विचार मनातून काढून टाका. गजानन मुक्तिबोध आपल्या दीर्घ कविता वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. त्यांचा पहिला काव्यसंग्रह 1964 मध्ये आला, तेव्हा ते हयात नव्हते. इतकं थांबा असं मी सांगणार नाही. पण लिहिलेलं त्याच रात्री कुणाला पाठवू नका. आठवडाभर ठेवा, मग मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल तिथे वाक्य बदला. गूगल डॉक्समध्ये लिहिलंत तर बदलांचा इतिहास जपला जातो आणि खोडलेला परिच्छेद परत मिळवता येतो.

रोज पंधरा-वीस ओळी पुरे, वेळ मात्र ठरलेली हवी. विषयासाठी लांब जाऊ नका. 2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ कुंभमेळा आहे. स्टेशन आणि बसस्टँड दोन्ही तुमच्या दाराशी, म्हणजे गर्दी तुमच्याच रस्त्याने येणार. आतापासून तारीख घालून नोंदी ठेवा: कोणतं दुकान हललं, रस्ता कुठे खणला, धर्मशाळेचा भाव काय झाला, आजीला आधीचे सिंहस्थ कसे आठवतात. बाहेरून महिनाभरासाठी आलेला बातमीदार हे लिहू शकणार नाही. पहिला लेख त्या नोंदींतूनच निघेल. तो युनिकोडमध्ये, वर्ड फाइल म्हणून पाठवा, आणि तोच मजकूर ईमेलमध्येही चिकटवा.