स्वतंत्र घर, वेळेवर आधार

वार्धक्यात आधार हवा असतो. परंतु त्यासाठी स्वतःचे घर सोडणे माणसाच्या जिवावर येते. या पेचातून ब्रिटनमध्ये ‘शेल्टर्ड हाउसिंग’ हा मार्ग निघाला. १९६९ च्या शासकीय परिपत्रकाने अशा निवासांची मानके ठरविली.

येथे वृद्ध हा आश्रमवासी नसून भाडेकरू असतो. दाराची किल्ली, स्वयंपाकघर आणि दिनक्रम त्याचा स्वतःचा. जोडीला सामायिक बैठकीची खोली, मदतीसाठी ओढावयाची दोरी आणि विचारपूस करणारा वॉर्डन. शुश्रूषा हे वॉर्डनचे काम नव्हे. आजारपण, भाड्याची थकबाकी वा वाढता एकाकीपणा वेळीच ओळखून तो डॉक्टर, नातलग किंवा समाजसेवा विभागाशी संपर्क साधतो.

२००३ मध्ये सुरू झालेल्या ‘सपोर्टिंग पीपल’ कार्यक्रमाने अशा साहाय्यासाठी निधी दिला. तो याच कामासाठी राखून ठेवण्याचे बंधन इंग्लंडमध्ये २००९ साली उठले. अनेक ठिकाणी निवासी वॉर्डनच्या जागी फिरते कार्यकर्ते आले. दोरी ओढली की दूरच्या केंद्रातून उत्तर मिळते. परंतु ती ओढण्याचे भान वा बळच ज्याला उरले नाही, त्याचे काय? म्हणूनच इमारतीइतकीच रोजची विचारपूसही मोलाची ठरते.