पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक आणि कर्करोग

पाणी गढूळ असेल तर आपण तुरटी फिरवतो, जंतूंची शंका असेल तर उकळतो. परंतु पाण्यात आर्सेनिक असेल तर हे उपाय पुरे पडत नाहीत. त्याला रंग, वास वा चव नसते. उकळल्याने पाण्याची वाफ होते, आर्सेनिक भांड्यातच राहते. जुन्या पिढीला माहीत असलेला सोमल हे याच मूलद्रव्याचे विषारी रूप होय.

हे विष येते कोठून? बहुतेक ठिकाणी भूगर्भातूनच. गंगेच्या खोऱ्यातील गाळात ते लोहाच्या संयुगांना चिकटलेले असते. जमिनीखाली प्राणवायू संपला की ही संयुगे विरघळतात व आर्सेनिक कूपनलिकेच्या पाण्यात उतरते. पश्चिम बंगालमधील रुग्ण १९८३ साली डॉ. के. सी. साहा यांनी ओळखले. आपल्या गडचिरोलीच्या शेजारी, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या अंबागढ चौकी भागातील कौडीकसा गावातही भूजलात आर्सेनिक आढळले आहे.

असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास त्वचेवर काळे-पांढरे ठिपके पडतात, तळहात-तळपाय जाड व खडबडीत होतात. पुढे त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचा कर्करोग होऊ शकतो. चिली देशातील अंतोफागास्ता शहराने १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिकयुक्त नदीचे पाणी वापरले. १९७० साली शुद्धीकरण सुरू झाले, तरी कर्करोगाचे वाढलेले मृत्यू पुढे कित्येक दशके होत राहिले. म्हणजे पाणी आज सुधारले तरी कालच्या पाण्याचा हिशेब उशिरा येतो.

हा आजार संसर्गजन्य नाही. तरीही बंगालमध्ये डाग पडलेल्या माणसांना वाळीत टाकले गेले, मुलींची लग्ने मोडली. रोगापेक्षा अज्ञान अधिक जाचक ठरले, असे आम्हांस वाटते.

मीरा-भाईंदरच्या नळाला धरण-नदीचे पाणी येते आणि कोकणचा काळा पाषाण आर्सेनिकसाठी ओळखला जात नाही. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु पाणीटंचाईत बोअरवेलचे वा टँकरचे पाणी घेताना ते कोठून येते, हे विचारलेच पाहिजे. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा एका लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. पाणी प्रयोगशाळेत देताना आर्सेनिकची तपासणी करा, असे स्पष्ट लिहून द्यावे. केवळ जंतूंच्या तपासणीत ते कळत नाही.

गावी हातपंपाचे पाणी पिणाऱ्या आपल्या नातेवाइकांनाही विद्यार्थ्यांनी ही माहिती अवश्य सांगावी. स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. ते तपासूनच ठरवावे.