डिस्कची जात आणि साधनाची निवड

पेढीचा संगणक मंदावल्यास डीफ्रॅगमेंटेशनचे साधन विकत घ्यावे काय, असा प्रश्न व्यापारी बंधूंपुढे येतो. आमच्या मते प्रथम डिस्कची जात पाहावी. विंडोजमधील ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ या सोयीत ती दिसते.

फिरत्या हार्ड डिस्कवर फाइलींचे तुकडे विखुरतात. एकाच मालाची पोती वखारीत चार थप्प्यांत पडावीत, तसे वाचनाचे हेलपाटे वाढतात. तेथे तुकडे जुळविणे हितकर; मात्र त्यासाठी विंडोज १० व ११ मधील हेच विनामूल्य साधन पुरेसे आहे. एसएसडीत फिरता भाग नसतो. वारंवार तुकडे जुळविल्याने तिची मर्यादित लेखनक्षमताच खर्ची पडते. तिला ‘ट्रिम’ पुरे; तेही हेच साधन करते.

तुकडे हलविण्यापूर्वी हिशेबाची दुसरी प्रत निराळी ठेवावी. मंद संगणकाने काम लांबते; खतावणी गेली तर उधारीचा पुरावाच जातो.